उन्हाळ्यात न जाणारी रेजिना

रेजिना गेल्याचं मला भेंडी चिरताना कळलं. आमच्या शारजाच्या जुन्या बिल्डिंगचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. बिल्डिंग सोडून सगळ्यांना वर्षं लोटली, पण ग्रुप कुणी सोडत नाही. सकाळी गुलाबाची फुलं, दिवाळीला दिवे आणि अधूनमधून कुणाच्या तरी जाण्याची बातमी, एवढंच त्यावर येतं. त्या दिवशी तिच्या मुलाचा, नीलचा, मेसेज आला. इंग्रजीत. वर पांढऱ्या कबुतराचं चित्र आणि खाली मजकूर, की आमची मॉम वसईच्या राहत्या घरी झोपेतच शांतपणे गेली, पाखरू आपल्या घरट्यात परतलं. माझ्या बोटांना भेंडीचा चिकटा, फोन धड धरता येईना. मी तो मेसेज पुन्हा वाचला आणि मला रडू आलं नाही, राग आला. कबुतर! ज्या बाईने आयुष्यभर बाल्कनीतली कबुतरं झाडूने हाकलली, तिच्या मरणावर कबुतर. आणि घरटं म्हणे... घरटं कुठे होतं तिचं, हे या पोराला ठाऊकच नसेल तर त्याची कीव करायची, आणि ठाऊक असेल तर मग बोलणंच खुंटलं.

त्याला आता काही आठवडे झाले. राग उतरेल म्हणून थांबले होते. उतरला नाही, तेव्हा लिहायला बसले. गेलेल्या माणसाविषयी गोड लिहायचं असतं, ते मला कळतं. पण गोड बोलणं रेजिनाला स्वतःलाच कधी जमलं नाही, तेव्हा तिच्या वाट्याला माझ्याकडून कडूच येणार. तिला ते चाललं असतं. कारल्याची भाजी गूळ न घालता खाणारी बाई होती ती.

आमची ओळखच मुळी भांडणातून झाली. मी तेव्हा लग्न होऊन नुकती शारजाला आले होते, आणि त्या वेळची कुमुद आज मला रस्त्यात भेटली तर मी तिच्या दोन मुस्कटात ठेवून देईन. घरातसुद्धा कपाळावर गॉगल. सातारला बहिणीला फोन केला की पहिलं वाक्य, ‘अगं, आमच्याकडे तर...’ किराणावाल्या मलबारी पोराला घाई करायला उगाच अरबीत ‘यल्ला यल्ला’ म्हणायचं, जणू इथल्या तेलाच्या विहिरी माझ्या माहेरच्यांनीच खणल्या होत्या. बाल्कनीत पिवळ्या घंटेच्या फुलांची एक कुंडी होती. तिच्यावर एक चिमुकला, काळा-जांभळा, उन्हात तेलासारखा चमकणारा पक्षी यायचा. झालं! मी हळदीकुंकवाला सगळ्या बायकांना सांगून टाकलं, की आमच्याकडे हमिंगबर्ड येतो. नुसतं सांगून थांबले नाही. साखरेच्या पाण्यात लाल रंग घालून बाटली टांगली आणि येईल त्या पाहुण्याला चहाआधी बाल्कनीत नेऊन उभं करू लागले. 

शेजारच्या फ्लॅटमध्ये नवीन आलेली रेजिना विरजण मागायला आली, तर तिलाही नेलं. तिने पक्षी पाहिला, बाटली पाहिली, मग मला पाहिलं.

‘‘हा शिंजीर आहे,’’ ती म्हणाली. ‘‘सनबर्ड. हमिंगबर्ड अमेरिका खंड सोडून कुठेच नसतो.’’

‘‘तुम्ही गेलाय का अमेरिकेला?’’ मी गॉगल सारखा करत विचारलं.

‘‘नाही. पण वसईच्या खाडीत देवमासा नसतो, हे कळायला मला खाडीत उडी मारावी लागत नाही. आणि तो लाल रंग काढा त्यातला. उगाच जीव जायचा त्याचा.’’

विरजण दिलं मी, पण वाटीच आपटून दिली. पुढे कितीतरी दिवस जिन्यात दिसली की मी भिंतीकडे बघायची. मग एका दुपारी दार वाजलं. दारात रेजिना, हातात गुंडाळलेला मोठा कागद. ‘‘तुम्हाला हमिंगबर्ड बघायचाय ना?’’ म्हणाली आणि सरळ आत येऊन माझ्या डायनिंग टेबलवर तो पसरला. त्यावर तिने स्वतः रंगवलेले दोन पक्षी होते.

रेजिना शारजातल्या एका भारतीय शाळेत जीवशास्त्र शिकवायची. ज्या परिसरात राहायचं त्याला शरीर कसं जुळवून घेतं, हा तिचा आवडता धडा. बाकीचे शिक्षक त्यासाठी उंट घेतात. रेजिना म्हणायची, ‘‘उंट काय शिकवायचा इथल्या पोरांना? शाळेच्या भिंतीवर उंट, वहीवर उंट, चॉकलेटच्या डब्यावर उंट. न पाहिलेलं दाखवलं की डोळे उघडतात.’’ म्हणून तिने दोन हमिंगबर्ड निवडले होते. एक कॉस्टाचा हमिंगबर्ड, उत्तर अमेरिकेच्या वाळवंटातला. (‘‘तुमच्या वसईचाच कुणी कोस्टा दिसतोय,’’ मी म्हटलं. ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा.) याच्या गळ्याला दोन्ही बाजूंनी जांभळी पिसं, थेट झुपकेदार मिशांसारखी. हा निवडुंगांच्या मुलखात राहतो, पण मोठा धोरणी. हिवाळा सरता-सरता फुलं आली की घाईघाईने घरटं करतो, पिल्लं वाढवतो आणि उन्हं तापायला लागली की पसार. समुद्राकडे, डोंगरांकडे, जिथे बरं असेल तिथे. दुसरा अँडीज पर्वतातला हिलस्टार. जिथे झाड वाढत नाही आणि माणसाला श्वास पुरत नाही, तिथे हा राहतो. त्या विरळ हवेत एका जागी फडफडत राहणं परवडत नाही, म्हणून हा चक्क फुलाला पायांनी धरून बसतो आणि मग मध पितो. घरटं कड्याच्या कपारीत. आणि रात्री थंडी पडली की हा स्वतःला विझवतो. अंग गार, काळीज अगदी मंद, हातात घेतला तर मेला म्हणून टाकून द्याल. सकाळी हळूहळू पुन्हा तापतो आणि कामाला लागतो. रोज मरायचं आणि रोज उठायचं.

‘‘मग जास्त शहाणा कोण?’’ मी विचारलं.

‘‘माझी पोरंपण हेच विचारतात, ‘मिस, विच वन इज बेटर?’ बेटर असं काही नसतं. ज्याची जागा त्याला ठाऊक, एवढंच.’’

तिने असं म्हटलं तरी आम्ही त्यावर पुढची चाळीसेक वर्षं भांडलो. कारण मी वाळवंटातली होते, हे उघडच होतं. आखातातल्या बायकांना वेगळं सांगायला नको. जूनमध्ये शाळा संपायच्या आत बॅगा वजनकाट्यावर चढलेल्या असायच्या. दूध पावडर, साबण, अत्तरं, भाच्यांना खेळणी, सासूबाईंना ब्लँकेट... उन्हाळ्यात लोकरीचं ब्लँकेट घेऊन साताऱ्याला जाणारी ती मूर्ख मीच. नवरे इथे ऑफिसात, आणि बायका-मुलं भुर्र. पंधरा दिवसांत आख्खी बिल्डिंग रिकामी व्हायची. जाताना प्रत्येकीची चावी रेजिनाकडे. तिच्या स्वयंपाकघरात खिळ्यांची रांग होती, एकेका खिळ्याला एकेका फ्लॅटची चावी. सकाळी ऊन चढायच्या आत ती मजल्यामजल्यावर फिरून सगळ्यांच्या कुंड्यांना पाणी घालायची, नळ सोडून बघायची, कुणाच्या फ्रीजचं दार उघडं राहिलं असेल तर लावायची. मग दिवसभर पडदे ओढून आत. पेज आणि सुका बोंबील. कुणाशी बोलायचं नाही. ‘‘बिल्डिंग अशी गार पडते ना कुमुद, मला फार बरं वाटतं. मीपण विझून घेते जरा,’’ असं सांगायची. ऑगस्टअखेरीस आम्ही आंब्याच्या साटांसकट परतायचो तेव्हा आमची झाडं जिवंत असायची आणि ती दारात.

शिक्षिका होती, सुट्टी होती, तरी ती वसईला का जात नाही, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. तिचा नवरा अँतोन हॉटेलच्या किचनमध्ये होता, त्याला रजा मिळत नाही, असं ती सांगायची. खरं कारण एकदा ओघात बोलली. लग्नानंतर कितीतरी वर्षं त्यांना मूल नव्हतं. गावी गेलं की चर्चच्या फाटकातच बायका गाठायच्या, ‘काय गो रेजिना, तिकडच्या हवेत पण काय नाय?’ सासूने एकदा जेवणाच्या पंगतीत सगळ्यांसमोर विचारलं. ‘‘त्यांनी विचारायचं थांबवलं नाही, म्हणून मी जायचं थांबवलं,’’ रेजिना म्हणाली. ‘‘इथे मला कुणी काही विचारत नाही. इथे मी मिस रेजिना. मला जेवढी हवा लागते तेवढी इथे आहे. थोडीच आहे, पण माझी आहे.’’ पुढे नील झाला. शारजालाच. बाळंतपणाला लोक गावी जातात. ही गेली नाही. तिचा डिंकाचा लाडू मी केला, आणि मेथी जास्त झाली म्हणून बोलणीही मीच खाल्ली.

म्हणजे बघा, नील इथला. माझ्या घरी थालीपीठ खाऊन वाढलेला. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारा, पण पोरगा गुणी. इंजिनिअर झाला, अबूधाबीत नोकरी लागली, अल रीम आयलंडवर उंच टॉवरमध्ये फ्लॅट घेतला भाड्याने. अँतोन गेला, रेजिना रिटायर झाली. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की देश जातो. मग मुलाच्या व्हिसावर राहायचं. मीही तशीच राहते, लेकीकडे, दुबईत सिलिकॉन ओएसिसमध्ये. रेजिना नीलकडे गेली. पस्तिसाव्या मजल्यावर, जिथे खिडकी उघडत नाही. फोनवर विचारलं, करमतं का? तर म्हणाली, ‘‘खाली लांबवर खारफुटी दिसते. पक्षी असणार तिच्यात.’’

गेल्या वर्षी उन्हाळ्यात नील तिला म्हणाला, मॉम, डॉक्टर म्हणतो तुला चालायला हवं, इथे तू दिवसभर खोलीत. वसईचं घर रिकामं पडलंय, बाग आहे, चर्च आहे, नातेवाईक आहेत. उन्हाळ्यापुरती जा. सूनबाई शेरॉन घरूनच काम करायची, तिला खोली कमी पडत होती, हेही त्यात होतं, पण ते कुणी बोललं नाही. मी रेजिनाला म्हटलं, ‘‘तुला जायचं नाही तर त्याला स्पष्ट सांगत का नाहीस?’’

‘‘काय सांगू? आईने मुलाकडे राहायला अर्ज करायचा का, कुमुद?’’

‘‘अर्ज कसला? तोंड आहे ना? मला हमिंगबर्डवरून सुनावलंस तेच तोंड.’’

‘‘तू शेजारीण होतीस गो,’’ ती म्हणाली. ‘‘शेजारणीला बोलता येतं.’’

ती वसईला गेली, तेव्हा परतीचं तिकीट होतं. सप्टेंबरचं. सप्टेंबरात नीलने ते पुढे ढकललं, अजून गरम आहे म्हणून. मग शेरॉनला दिवस गेले, तिला उलट्या फार होत होत्या. मग डिसेंबरात बघू. आखातात राहणाऱ्या कुठल्याही माणसाला अर्ध्या झोपेतही ठाऊक असतं, की सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की रेसिडेन्सी खलास. लोक एका दिवसासाठी येऊन शिक्का मारून परत जातात, पण ती मुदत चुकवत नाहीत. मी नीलला मेसेज केला. ‘इन्शाल्ला आंटी, बघतो,’ असं उत्तर आलं. इथे राहून आपणही शिकतो, की ‘नाही’ म्हणायचं नसेल तर ‘इन्शाल्ला’ म्हणायचं.

वसईतून तिचे फोन यायचे. अंगणात म्हणे शिंजीर येतात, दोन जातींचे, जास्वंदीवर ढीगभर. मी म्हटलं, मग बरं आहे की! तर म्हणाली, ‘‘हो, फुलं खूप आहेत. सगळेच म्हणतात, किती फुलं आहेत.’’ भाचेसुना येतात, आंटी एकटी कशी राहते म्हणून रात्रीचं जेवण पाठवतात, दिवसातून चारदा फाटक वाजतं. चर्चच्या दारातल्या त्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण प्रश्न संपले नव्हते. ‘काय गो, पोराने पाठवली का तुला?’ मी तिला एकदा विचारलं होतं, पूर्वी, भांडणाच्या भरात, की तुझ्या त्या हिलस्टारला डोंगरावरून खाली बागेत आणून ठेवलं तर काय होईल? चांगला मजेत राहील. ती म्हणाली होती, ‘‘मला माहीत नाही. कुणी करून पाहिलं असेल तर तो माणूस दुष्ट.’’ हे मला त्या फोनवर आठवलं, आणि मी बोलले नाही. माझ्यासारखी बाई गप्प बसली, ती बहुधा पहिलीच वेळ.

मग एक दिवस फोन आला. ‘‘कुमुद, व्हिसा गेला. नील म्हणतो काळजी करू नको, टुरिस्ट व्हिसावर कधीही ये.’’ मग म्हणाली, ‘‘माझ्या गावात मी टुरिस्ट.’’ कुठलं गाव, ते मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. त्यानंतर तिने फोन करणं कमी केलं. विझून घेत असेल, उठेल, असं मी मनाला समजावत राहिले. जानेवारीतल्या एका सकाळी भाचेसून चहा घेऊन गेली तेव्हा अंग गार होतं.

मागच्या शनिवारी अबूधाबीच्या चर्चमध्ये तिच्यासाठी मिस्सा झाली. माझी नात ईशा मला गाडीतून घेऊन गेली. वाटेत म्हणाली, ‘‘आजी, प्लीज बी नाइस टू नील अंकल.’’

‘‘मी नाइसच असते.’’

‘‘नो आजी. यू आर फनी. दॅट्स डिफरंट.’’

नील उभा राहून बोलला. म्हणाला, मॉमचं मन नेहमी वसईत होतं, शेवटी ती आपल्या मुळांकडे परतली. मागच्या बाकावर कुणीतरी डोळे पुसले. मी माझा पदर दातात धरला, नाहीतर देवासमोर काहीतरी बोलून बसले असते. मग त्याने आम्हाला घरी नेलं. शेरॉनने कटलेट केले होते. सहावा महिना, पाय सुजलेले, तरी वाढत होती. नील माझ्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, ‘‘कुमुद आंटी, टेल मी ऑनेस्टली. शी वॉज हॅपी देअर, ना?’’

ईशाने टेबलाखालून माझा हात दाबला.

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘नव्हती.’’

त्याचा चेहरा लहानपणी पडून आल्यावर व्हायचा तसा झाला. ‘‘आय थॉट... गार्डन आहे, बर्ड्स आहेत. बेबीनंतर परत व्हिसा काढणार होतो, आंटी. स्वेअर.’’

‘‘तिला ते कधी सांगितलंस?’’

त्याने ताट बाजूला सारलं. मग एकदम म्हणाला, ‘‘माझा पण जॉब व्हिसाच आहे, आंटी. उद्या कंपनीने खलास म्हटलं तर मलाही पॅक करायचंय.’’

‘‘मग कुठे जाशील?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘जाशील कुठे? घरट्याकडे?’’

‘‘वसईला... आय गेस.’’

‘‘कोण आहे तुझं तिथे?’’

त्याने शेरॉनकडे पाहिलं, कटलेटच्या ताटाकडे पाहिलं. ‘‘नाऊ?’’ म्हणाला. ‘‘नो वन.’’

मी भांडायला गेले होते. शब्द पदराला बांधून नेले होते, आणि आता ते कुणावर टाकायचे? इथे जन्मलेला, इथलंच पाणी प्यालेला पोरगा, आणि त्याच्याही पायाखाली जमीन पाहुण्याची. आईला त्याने पाठवलं, त्याला कुणी दुसरा पाठवील. यातून मला समाधान मिळालं असतं तर मी वाईट बाई ठरले असते, आणि मिळालं नाही तरी बरी ठरत नाही. राग होता तिथेच आहे. फक्त त्याला आता एकाच माणसाचा पत्ता नाही.

निघताना शेरॉन म्हणाली, आंटी, मॉमची रूम बघून जा. खोली बाळासाठी रंगवली होती, फिकट हिरवी. भिंतीवर पक्ष्यांची स्टिकर्स. ‘‘हमिंगबर्ड्स,’’ नील म्हणाला. ‘‘मॉमला आवडायचे ना, म्हणून.’’ मी चष्मा लावून जवळून पाहिले. मिशा नव्हत्या आणि फुलाला धरून बसलेलाही कुणी नव्हता. असा पक्षी पृथ्वीवर कुठेच नसतो, हे मी बोलले नाही. 

खिडकीपाशी गेले तर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात काचेवर एक तेलकट डाग दिसला. साधारण माझ्या कपाळाच्या उंचीवर, तळहाताएवढा.

‘‘सॉरी आंटी, ते हेअर ऑइल आहे,’’ शेरॉन म्हणाली. ‘‘मॉम रोज इव्हनिंगला काचेला डोकं टेकून इथे उभ्या राहायच्या. क्लीनर दोनदा आला, पूर्ण जात नाही.’’

खोबरेल. नारळ वसईचाच असणार, तेवढं मात्र ती गावाहून मागवायची. म्हणजे तिचा एवढाच भाग व्हिसाशिवाय या देशात राहून गेला.

नील पुढे झाला. मला वाटलं पुसतोय. त्याने कपाळ काचेला टेकवलं. तो उंच, त्याचं कपाळ डागाच्या वीतभर वर आलं. मग गुडघ्यात थोडा वाकला, डागावर कपाळ नेऊन ठेवलं आणि खाली बघत राहिला.

‘‘काय दिसतं?’’ मी विचारलं.

‘‘वॉटर. मँग्रोव्हज.’’

‘‘पक्षी?’’

‘‘नो, आंटी. टू हाय.’’

‘‘तिलाही दिसत नव्हते,’’ मी म्हटलं.